बार्सिलोनाला निघण्यापूर्वी: कोणती घरे आतून पाहायची, कोणती रस्त्यावरून

उन्हाळी सुट्ट्या आणि दिवाळी जवळ आली की वाचकांकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. युरोपच्या सहलीत बार्सिलोनासाठी तीन दिवस ठेवले आहेत, गाउदीचे सगळे बघायचे आहे, तर बसवायचे कसे? सोबत आठ-नऊ नावांची यादी असते, प्रत्येकापुढे तिकिटाची रक्कम लिहिलेली असते आणि तळाची बेरीज पाहून घरातले सगळे गप्प झालेले असतात. चौघांचे कुटुंब असेल, तर नुसत्या प्रवेशतिकिटांवरच आणखी एका छोट्या सहलीएवढा खर्च होऊ शकतो.

माझा सल्ला ठाम आहे. तीन दिवसांत चार वास्तू आतून पाहा, पाचवी नको. त्या चारांतली एक तरी गाउदीची नसू द्या. आणि प्रत्येकीची वेळ उन्हाकडे बघून ठरवा, कारण या शहरातल्या वास्तुकारांनी दगड आणि विटांइतकाच विचार उजेडाचा केला आहे. बाकी खूप काही रस्त्यावरून, एक पैसा न देता दिसते.

आधी नावाचा घोळ सोडवू

'मॉडर्निस्ट वास्तुकलेचे शहर' हे शब्द ऐकून अनेकांच्या डोळ्यांपुढे चंडीगड येते: काँक्रीट, सपाट भिंती, सरळ रेषा. बार्सिलोनात पोचल्यावर दिसतात ते वेलबुट्टीचे लोखंडी कठडे, रंगीत फरशांनी मढवलेल्या भिंती आणि लाटांसारखे दर्शनी भाग. मग वाटते, आपण चुकीच्या गावात आलो की काय. तसे नाही. इथला 'मॉडर्निस्मे' म्हणजे साधारण १८८० ते १९१० च्या दशकांत कातालोनियात बहरलेली शैली. त्याच काळात फ्रान्स-बेल्जियममध्ये जी आर नूव्हो फुलत होती, तिची ही सख्खी बहीण. तिच्यात कातालान अस्मिता होती, कापडगिरण्यांतून आलेला पैसा होता आणि सुतार, लोहार, काचकाम करणारे असे अव्वल कारागीर होते.

नावे तीन लक्षात ठेवा. आंतोनी गाउदी तुम्हाला माहीत आहेतच. दुसरे लुईस दोमेनेक इ मुंतानेर आणि तिसरे जुझेप पुच इ कादाफाल्क. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गाउदींच्या कामांबरोबर दोमेनेक यांच्या दोन वास्तूही आहेत, आणि त्या दोन्हींकडे आपल्याकडच्या सहली सर्रास पाठ फिरवतात.

काच आणि सरळ रेषांचा आधुनिकवादच ज्यांना हवा आहे, त्यांच्यासाठीही इथे एक जागा आहे. मुंजुइक टेकडीच्या पायथ्याशी मीस व्हान डेर रोह यांचा मंडप आहे. तो १९२९ च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी उभारला, १९३० मध्ये उतरवला आणि १९८६ मध्ये त्याच जागी पुन्हा बांधला. छोटा आहे, तासाभरात होतो. वास्तुकलेचा विद्यार्थी घरात असेल तर चुकवू नका, एरवी सोडलात तरी चालेल.

पैसे नेमके कुठे द्यायचे

इथे थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण चुका सगळ्यात जास्त इथेच होतात. साग्रादा फामिलिया हे पहिले ठिकाण, त्याबद्दल वाद नाही. त्याच्याबद्दल पुढे वेगळे लिहिले आहे. उरलेली तीन कशी निवडायची?

बात्यो की पेद्रेरा? दोन्ही घरे पसेज द ग्रासिआ या एकाच रस्त्यावर, पायी आठ-दहा मिनिटांच्या अंतरावर आहेत. दोन्ही गाउदींची. दोन्हींचे तिकीट महाग. बहुतेक जण एकाच दिवशी दोन्ही उरकतात आणि संध्याकाळी कोणती धुराडी कुठल्या गच्चीवर पाहिली हेही त्यांना आठवत नाही. एकच निवडा.

कासा बात्यो हे मुळात जुने घर. गाउदींनी १९०४ ते १९०६ या काळात त्याचे रूप पालटले. मुले बरोबर असतील किंवा रंगांची आवड असेल तर हे घ्या. आत गेल्यावर मधल्या चौकात, जिन्याभोवतीच्या उजेडाच्या बोळात, जरा थांबा. तिथल्या फरशा वर गडद निळ्या आहेत आणि खाली येता येता फिक्या होत जातात, तळाशी जवळजवळ पांढऱ्या. खिडक्यांचे मात्र उलट आहे: वरच्या लहान, खालच्या मोठ्या. वर ऊन थेट पडते म्हणून तिथे ते शोषून घ्यायचे आणि खाली पोचते तेवढे पुरेपूर वापरायचे, असा हिशेब आहे. वरपासून खालपर्यंत सगळा चौक एकसारखा उजळलेला वाटतो. दारांच्या मुठी हातात धरून बघा. बोटे जिथे पडतात तिथेच खळगे आहेत. हे सगळे कानाला लावलेल्या यंत्रातल्या गोष्टी ऐकत पुढे सरकताना निसटते, म्हणून सांगितले.

कासा मिला, म्हणजेच 'ला पेद्रेरा', १९०६ ते १९१२ मधली. पेद्रेरा म्हणजे दगडाची खाण. नव्या इमारतीला लोकांनी चिडवण्यासाठी हे नाव दिले आणि तेच टिकले. इमारत उभी कशी राहते याचे कुतूहल असेल तर हिचीच निवड करा. पोटमाळ्यावर विटांच्या २७० कमानी एका ओळीत, कुठे उंच कुठे बुटक्या, आणि त्यांच्याच उंचसखलपणामुळे वरची गच्ची लाटांसारखी झाली आहे. गच्चीवर पायऱ्या खूप आहेत. पाऊस असला तर गच्ची बंद राहू शकते, आणि गच्चीशिवाय हे तिकीट निम्मे वाया जाते. हवामानाचा अंदाज पाहूनच वेळ नक्की करा.

स्वस्त आणि शांत पर्याय. गाउदीच हवेत पण गर्दी नको, तर दोन घरे सुचवतो. ग्रासिआ वस्तीतले कासा विसेन्स हे त्यांचे पहिले मोठे घरकाम, १८८३ ते १८८५ मधले. लोकांसाठी खुले झाले २०१७ मध्ये. भिंतीवरच्या फरशांकडे नीट पाहा, त्यावर झेंडू आहे. घराच्या जागेवर झेंडूची झुडपे वाढलेली होती, गाउदींनी तीच फरशीवर उतरवली. दसऱ्याला दाराला तोरण बांधणाऱ्या माणसाला ती भिंत परकी वाटत नाही. दुसरे पलाउ ग्वेल, रांब्ला या रस्त्याच्या बाजूच्या गल्लीत. त्याचे तिकीट बात्योच्या तुलनेत फारच कमी आहे. खाली घोड्यांचा तबेला, मधल्या दालनावर भोके पाडलेला घुमट, दिवसाही चांदणे पडल्यासारखा. सोमवारी बंद असते हे विसरू नका.

गाउदींची नसलेली एक. दोमेनेक यांच्या दोनपैकी एक घ्याच.

- पलाउ द ला मुसिका. १९०५ ते १९०८ मध्ये ऑर्फेओ काताला या गायकवृंदासाठी बांधलेले संगीतगृह. छताच्या मधोमध रंगीत काचेचा थेंब खाली लोंबतो आणि दिवसा सभागृह त्याच्या उजेडात न्हाते. मार्गदर्शकाबरोबरची फेरी सकाळी किंवा दुपारी लवकर घ्या. रात्री घेतली तर तो उजेडच मिळत नाही. पण रात्री मैफल असेल आणि तिकीट परवडत असेल, तर फेरीपेक्षा मैफल बरी. ज्या कामासाठी वास्तू बांधली ते काम तिथे होत असताना तुम्ही आत असता.

- सांत पाउ. १९०२ ते १९३० या काळात बांधलेले रुग्णालय, २००९ पर्यंत वापरात होते. २०१४ पासून वास्तू म्हणून पाहता येते. रोग्याला बरे व्हायला औषधाइतकीच हवा, बाग आणि रंग लागतात असे मानून दोमेनेक यांनी एक मोठी इमारत न बांधता बागेत सुटे सुटे विभाग मांडले आणि खालून बोगद्यांनी जोडले. छतावर फिक्या रंगांच्या फुलांच्या फरशा आहेत, कारण खाटेवर पडलेल्या माणसाला दिसते ते छतच. मला विचाराल तर या शहरातली सर्वांत मायेची वास्तू हीच. ज्येष्ठ नागरिक बरोबर असतील तर डोळे झाकून ही निवडा: सपाट जमीन, सावली, बाकडी, आणि साग्रादा फामिलियापासून आव्हिंगुदा गाउदी या चालण्याच्या रस्त्याने दहा-बारा मिनिटे.

साग्रादा फामिलिया: तासावर सगळे अवलंबून

पायाभरणी १९ मार्च १८८२ ला झाली. दुसऱ्या वर्षी काम गाउदींकडे आले आणि १९२६ मध्ये ट्रामच्या धडकेनंतर १० जूनला त्यांचे निधन होईपर्यंत ते त्यातच गुंतलेले होते. आजही काम चालू आहे आणि ते देणग्या व तिकिटांच्या पैशावर चालते. मधल्या येशूच्या मनोऱ्याची ठरलेली उंची १७२.५ मीटर. मुंजुइक टेकडीपेक्षा ती मुद्दाम थोडी कमी ठेवली आहे, कारण माणसाच्या कामाने देवाच्या कामापेक्षा वर जाऊ नये असे गाउदींचे मत होते.

आता वेळ. पूर्वेकडच्या काचा निळ्या-हिरव्या आहेत, पश्चिमेकडच्या लाल-केशरी. सकाळी नऊ-दहाला गेलात तर आत जंगलातली पहाट असते. दुपार उतरताना गेलात तर पश्चिमेचा केशरी रंग खांबांवर चढत जातो, फरशीवर सांडतो, समोरच्या माणसाच्या पांढऱ्या सदऱ्यावर येतो. एका संध्याकाळी मी एका आजोबांना हाताचा तळवा त्या उजेडात धरून, बोटे उलटीसुलटी करून बघताना पाहिले. दहा मिनिटे ते तसेच उभे होते. आजूबाजूचे लोक फोन वर धरून पुढे सरकत होते. मला अजूनही ती जागा म्हटली की तो तळवा आठवतो.

- हिवाळ्यात दुपारी तीनच्या आसपासची वेळ घ्या. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो.
- उन्हाळ्यात पाच ते सहा. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारी तीनला गेलात तर रंग अजून चढलेला नसतो.
- भर दुपारी बारा ते दोन टाळा. ऊन डोक्यावर, रंग फिके, गर्दी कमाल.
- जन्माच्या प्रसंगाचा दर्शनी भाग पूर्वेला आहे. त्याची छायाचित्रे सकाळीच चांगली येतात, आणि ती बाहेरून, रस्त्यापलीकडच्या तळ्याच्या बागेतून, विनातिकीट घेता येतात.

मनोऱ्यावर जायचे का? साधे तिकीट २६ युरोच्या घरात आहे, मनोऱ्यासह दहा युरो जास्त. वर लिफ्टने नेतात पण खाली यायचे ते अरुंद गोल जिन्याने, पायी. गुडघेदुखी, चक्कर किंवा उंचीची भीती असेल तर नको. सहा वर्षांखालील मुलांना मनोऱ्यावर सोडत नाहीत. जोराच्या वाऱ्यापावसात मनोरे बंद ठेवतात. माझे मत: ते दहा युरो वाचवा आणि तो पाऊण तास आत बसून काढा.

हे चर्च आहे, प्रदर्शन नव्हे. खांदे झाकलेले हवेत, तोकडी चड्डी नको, टोपी काढावी लागते. पंजाबी ड्रेस, साडी, साधी पँट, काहीही चालते. दारावर सामानाची तपासणी होते, मोठी बॅग घेऊन येऊ नका.

पार्क ग्वेल: चढणीचा हिशेब आधी करा

एउसेबी ग्वेल या उद्योगपतीने टेकडीवर साठ बंगल्यांची वसाहत आखली. १९०० ते १९१४ काम चालले आणि घरे झाली फक्त दोन. धंदा म्हणून योजना फसली आणि शहराला बाग मिळाली. वरच्या चौकातल्या नागमोडी बाकावर फुटक्या फरशांचे जे काम आहे त्यात जुझेप मारिया जुजोल यांचा हात मोठा आहे. त्याला 'त्रेंकादीस' म्हणतात. आपल्या गच्च्यांवर पावसाचे पाणी मुरू नये म्हणून घालतात ते चायना मोझॅक आठवा. तत्त्व तेच: अखंड फरशी वळणावर बसत नाही, तुकडे बसतात. बाकाच्या पाठीवर बशांचे, कपांचे तुकडेही सापडतील. आणि तो चौक नुसता चौक नाही. खालचे ८६ खांब तो पेलतात, त्यांतल्या काही खांबांच्या पोटातून पावसाचे पाणी उतरून खालच्या टाकीत साठते.

- तिकीट ठरलेल्या वेळेचे असते, आणि ते संपते. दारावर जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका.
- वायेकार्का मेट्रो स्थानकावरून वाटेत सरकते जिने आहेत. लेसेप्सवरून चढण जास्त. नकाशा जवळचे म्हणून काहीही दाखवो, आईवडील बरोबर असतील तर बसने किंवा टॅक्सीने वर जा आणि उतरताना चाला.
- सकाळी पहिली वेळ घ्या. दुपारी चौकात सावली नाही.

विनातिकीट काय दिसते

एक संध्याकाळ नुसते चालण्यासाठी ठेवा. पसेज द ग्रासिआवर बात्यो, तिच्या भिंतीला भिंत लावून पुच यांची आमायेर आणि त्याच ओळीच्या कोपऱ्यावर दोमेनेक यांची येओ मुरेरा उभी आहे. तीन वास्तुकार, एकच ओळ, कोणाचे कोणाशी जुळत नाही. गावकरी या ओळीला 'भांडणाचे सफरचंद' म्हणतात, कारण स्पॅनिशमध्ये घरांच्या ठोकळ्याला आणि सफरचंदाला शब्द एकच. पायाखाली बघा: फुटपाथवरच्या षटकोनी फरशा गाउदींच्या आहेत, त्यावर शंख, समुद्री शेवाळ आणि अष्टपाद आहे.

आणखी थोडे: रेयाल चौकातले गाउदींचे दिव्याचे खांब, १८७९ चे. दियागोनाल रस्त्यावरचे पुच यांचे टोकदार बुरुजांचे 'पुंशेस' घर. आणि एशाम्पला वस्तीचे कापलेले कोपरे. इल्देफोन्स सर्दा या अभियंत्याने १८५९ मध्ये ही वस्ती आखली तेव्हा प्रत्येक चौकाचे चारही कोपरे तिरके कापले. त्यामुळे प्रत्येक नाक्याला ऊन आणि हवा मिळते.

तिकिटाचे खड्डे

- व्हिसा हातात येण्याआधी परत न होणारी तिकिटे काढू नका. युरोपात ऑनलाइन खरेदीला १४ दिवसांत परत करण्याचा हक्क असतो हे खरे, पण ठरावीक तारखेच्या प्रवेशतिकिटाला तो लागू होत नाही. अनेकांचे पैसे याच गैरसमजात जातात.
- शोधयंत्रावर सगळ्यात वर येणारे संकेतस्थळ अधिकृत असेलच असे नाही. मध्यस्थ तेच तिकीट पाच-पंधरा युरो जास्त लावून विकतात. वास्तूच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या. तिथे संपले असेल तरच मध्यस्थाकडे जा, आणि तो देतो ते खरोखर प्रवेशतिकीट आहे की नुसता 'मार्गदर्शक भेटेल' असा कागद, हे वाचा.
- मुलांची सवलत प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे. साग्रादा फामिलियात ११ वर्षांखालील मूल मोफत, पण त्याचेही तिकीट काढावेच लागते. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्टाची प्रत जवळ ठेवा.
- 'सगळे एकत्र' अशा शहर-पासांची आकडेमोड स्वतः करा. चारच वास्तू आतून पाहायच्या असतील तर सुटी तिकिटे बहुधा स्वस्त पडतात.
- रविवारी सकाळी नऊला साग्रादा फामिलियात आंतरराष्ट्रीय प्रार्थना असते, प्रवेश मोफत. ती प्रार्थनेसाठीच आहे. फिरून बघायला किंवा फोटो काढायला मिळत नाही. श्रद्धेने बसायचे असेल तरच रांगेत उभे राहा.

व्हिसा: कोणाकडे, कधी

शेंगेन व्हिसा एकच असला तरी अर्ज करायचा तो ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. दिवस सारखे असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार त्या देशाकडे. पॅरिसमध्ये चार आणि बार्सिलोनात तीन दिवस असतील, तर अर्ज फ्रान्सकडे जातो. स्पेनची तारीख लवकर मिळाली म्हणून तिकडे अर्ज करू नका, हे कारण नकाराला पुरते.

- अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. सुट्ट्यांच्या हंगामात तीन महिने धरून चाला, कारण भेटीच्या वेळाच मिळत नाहीत.
- शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना नाही. व्हिसा-केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. प्रीमियम लाउंज, एसएमएस, घरपोच पासपोर्ट हे सगळे ऐच्छिक आहे. नको असेल तर नको म्हणा.
- प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा हवा.
- पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि गेल्या दहा वर्षांतच दिलेला असावा.
- नकार मिळाला तर लेखी कारण मिळण्याचा आणि त्याविरुद्ध दाद मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. मुदत त्या पत्रात लिहिलेली असते. कागद अपुरा हेच कारण असेल तर बहुतेकांना नव्याने नीट अर्ज करणे जास्त सोपे जाते.

याआधीचे दोन शेंगेन व्हिसा गेल्या तीन वर्षांत नियमाने वापरले असतील, तर भारतात राहणाऱ्यांना दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मागता येतो. एप्रिल २०२४ पासून हा नियम आहे. अर्जात तशी विनंती स्पष्ट लिहा आणि जुन्या व्हिशांच्या प्रती जोडा.

उतरल्यावर: कार्डाची निवड

'टी-काजुआल' या कार्डावर दहा फेऱ्या असतात, पण ते एका माणसाचे एकच. चौघांनी एक कार्ड आळीपाळीने लावले तर दंड होतो. वाटून वापरायचे असेल तर 'टी-फामिलियार' घ्या, त्यावर आठ फेऱ्या असतात. विमानतळाच्या मेट्रोवर ही दोन्ही चालत नाहीत. तिथे वेगळे तिकीट लागते किंवा दिवसांवर मिळणारे पर्यटक कार्ड. टी-काजुआलवर विमानतळाहून गावात येणारी लोकल मात्र चालते, ती टर्मिनल दोनवरून सुटते.

मेट्रोच्या दारापाशी आणि रांब्लावर खिसेकापूंचा सुळसुळाट आहे. पासपोर्ट आतल्या पिशवीत, फोन हातात नको, बॅग पुढे. नकाशा दाखवत किंवा कपड्यावर काही सांडले आहे म्हणत जवळ येणाऱ्यापासून दोन पावले मागे व्हा.

राहण्याची जागा

घर भाड्याने घेत असाल तर जाहिरातीत परवाना क्रमांक शोधा. बार्सिलोनात तो एचयूटीबी या अक्षरांनी सुरू होतो. क्रमांक नसेल तर घेऊ नका, कितीही स्वस्त असो. घरे पर्यटकांकडे गेल्याने इथल्या लोकांना भाडी परवडेनाशी झाली आहेत, आणि सगळे पर्यटक-परवाने २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत संपवण्याचा निर्णय शहराने जाहीर केला आहे. जिन्यात रात्री मोठ्याने बोलू नका. तिथे माणसे राहतात. पर्यटन कर जागेवर वेगळा घेतात, १६ वर्षांपर्यंतच्या मुलांना तो नाही. पावती मागा.

जेवण, विशेषतः शाकाहारींसाठी

इथे 'मांस नाही' म्हटले तरी मासे आणि हॅम येऊ शकतात. प्रत्येकाचे नाव घेऊन सांगा: सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन, अंडे नको तर सिन उएवो. साध्या मिश्र सॅलडमध्ये ट्यूना हमखास असतो. तोर्तिया म्हणजे इथे अंडे-बटाट्याचा जाड पोळा. एन्साइमादा ही गोड पावाची वळी डुकराच्या चरबीत करतात, हे फार जणांना उशिरा कळते.

बिनधास्त मागवा: पा आंब तुमाकेत, म्हणजे टोमॅटो चोळलेला पाव. एस्कालिवादा, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरची, वरून तेल. भरिताची सवय असलेल्यांना ते लगेच आपले वाटते. त्यावर काही ठिकाणी अँचोव्ही मासा ठेवतात, तेवढे विचारा. बटाट्याच्या ब्रावास, पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या. दुपारचे जेवण दीड ते साडेतीन, रात्रीचे साडेआठनंतर. दुपारी ठरावीक दराची थाळी मिळते, ती रात्रीपेक्षा खूप स्वस्त. नळाचे पाणी पिण्याजोगे आहे.

काही बिनसले तर

- दुकान, हॉटेल, उपाहारगृह: प्रत्येकाकडे तक्रारीचा अधिकृत फॉर्म असणे बंधनकारक आहे. 'ओखा दे रेक्लामासिओनेस' एवढे शब्द पाठ करा. नुसता फॉर्म मागितला तरी बरेचदा जागच्या जागी तडजोड होते.
- परतीचे विमान: युरोपीय संघातून सुटणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला तिथला प्रवासी-हक्क नियम लागतो. एकाच तिकिटावर मुंबईला तीन तासांहून जास्त उशिरा पोचलात आणि कारण कंपनीच्या हातातले असेल, तर माणशी ६०० युरोंपर्यंत भरपाई मागता येते. वाट पाहताना जेवण, रात्र झाली तर हॉटेल हाही हक्क आहे. मुंबईहून जाताना मात्र विमान युरोपीय कंपनीचे असेल तरच हा नियम लागतो. बोर्डिंग पास फेकू नका.
- चोरी: ११२ हा आपत्कालीन क्रमांक. स्थानिक पोलिसांकडे, म्हणजे मोसोस द एस्क्वाद्रा यांच्याकडे, तक्रार लिहून घ्या आणि प्रत मागा. ती नसेल तर विमा कंपनी दावा घेत नाही आणि बार्सिलोनातल्या भारतीय वाणिज्य दूतावासातून प्रवासाचे तात्पुरते कागद मिळतानाही अडते.

तीन दिवस असे बसतात

पहिल्या दिवशी सकाळी पार्क ग्वेल, पहिली वेळ. उतरताना ग्रासिआ वस्तीत चालत या, वाटेत विसेन्स बाहेरून बघा, झेंडूसाठी. संध्याकाळी पसेज द ग्रासिआ पायी.

दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा सांत पाउ. तिथल्या बागेत बसून घ्या, मग गाउदी रस्त्यावर जेवा. उन्हाळा असेल तर पाचला, हिवाळा असेल तर तीनला साग्रादा फामिलिया. त्या दिवशी दुसरे काहीही ठेवू नका.

तिसऱ्या दिवशी बात्यो किंवा पेद्रेरा, सकाळची पहिली वेळ. दुपार मोकळी. रात्री पलाउ द ला मुसिकात मैफल असेल आणि पैसे उरले असतील तर चार वास्तूंचा माझा नियम त्या एका रात्रीपुरता मोडा. वरच्या सज्जाची तिकिटे सगळ्यात स्वस्त असतात, आणि काचेचा तो थेंब तिथूनच सगळ्यात जवळ आहे.